अकरा पॉईंट सहा कोंबड्या

फुईच्या कोंबड्या मी मोजल्या. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. खांडबारा स्टेशनवर उतरून रिक्षाने जायचं असं तिचं गाव, आणि गावाच्या टोकाच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मी आठ वर्षांची असताना माझी आई गेली, आणि वडिलांनी मला आणून हिच्या ओसरीत उभं केलं. दहावी होईपर्यंत मी तिथेच. म्हणजे जन्म आईने दिला आणि बाकी सगळं फुईने. आता मी नंदुरबारला कॉलेजात गणित शिकवते. फुई गल्लीत सांगते, "मन्ही पोरगी कॉलेजमा मास्तरीन शे." कुठला विषय, असं कुणी विचारलंच तर म्हणते, "कठीनवाला."

नंदुरबारला माझ्याकडे राहायला ये म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या. ती दोन दिवस यायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला घ्यायची. कारण एकच, कोंबड्या. शेजारीण दाणे टाकेल गं, म्हटलं तर मी तोंडावर थुंकले असल्यासारखी ती माझ्याकडे बघायची. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी, गुडघे धरलेले. पण पहाटे खुराड्याची फळी काढताना ती ज्या आवाजात कोंबड्यांना शिव्या द्यायची, त्या आवाजात तिचं वय कुठे दिसायचं नाही. त्या कोंबड्या होत्या म्हणून ती सकाळी उठत होती. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आमच्या गल्लीत कोंबड्या मोजत नाहीत. कुणी विचारलं "कितल्या शेतस?" तर उत्तर ठरलेलं: "देव देस तितल्या." मोजल्या की नजर लागते, आकडा तोंडातून गेला की खुराडं रिकामं होतं, हे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. मग संध्याकाळी सगळ्या परतल्या की नाही, हे कळायचं कसं? फुई खुराड्याच्या तोंडाशी बसायची आणि एकेक आत जाताना बघायची. मोजायची नाही, बघायची. शेवटची आत गेली की म्हणायची, "बठ्ठ्या उन्यात," आणि फळी लावायची. एखादी राहिली असेल तर तिला आकडा कमी पडलेला कळायचा नाही, ती अमुक कोंबडी दिसली नाही, हे कळायचं. "ती लंगडी नही उनी," म्हणत ती उकिरड्याकडे निघायची आणि लंगडीला काखेत मारून घेऊन यायची.

पीएच.डी.चं खूळ मला उशिरा सुचलं, चाळिशीला टेकल्यावर. विषय होता प्राण्यांची संख्या वयाच्या टप्प्याटप्प्याने कशी वाढते, त्याचं गणित. ऐकायला जड वाटतं, पण आहे साधं. सगळे प्राणी एका मापाने मोजायचे नाहीत, टप्पे पाडायचे. कोंबड्यांचे मी तीन पाडले. पिल्लू. तलंग, म्हणजे आईपासून सुटलेली पण अजून अंड्यावर न आलेली. आणि कोंबडी. महिनाभरात पिल्लांतली किती तगून तलंगा होतात, तलंगांतल्या किती अंड्यावर येतात, कोंबड्यांतल्या किती टिकतात, आणि एक कोंबडी किती पिल्लं काढते, एवढे आकडे तीन ओळी-तीन रकान्यांच्या चौकटीत मांडायचे. त्या चौकटीने आजच्या संख्येला गुणलं की पुढच्या महिन्याची संख्या मिळते. पुन्हा गुणलं की त्याच्या पुढच्या. असं गुणत गेलं की सगळ्या चौकटीतून शेवटी एकच आकडा हाती येतो. तो एकाच्या वर असला तर कळप वाढणार, खाली असला तर संपणार.

आमचे गाईड सर म्हणाले, परदेशातल्या कासवांवर किती दिवस गणितं करायची, आपल्या मातीतलं काहीतरी आणा. मला फुईचं खुराडं आठवलं. कसली हुशार मी.

फुई अंगणात तूर पाखडत होती तेव्हा मी विषय काढला. तिने सूप खाली ठेवलं. "येडी शे का तू? शिकेल बाईले इतलं बी समजत नही?" मग अर्धा तास माझा उद्धार झाला. माझ्या शिक्षणाचा, कॉलेजचा, आणि असली कामं सांगणाऱ्या सरांचाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी ठेवणीतलं हत्यार काढलं. म्हटलं, फुई, तू नाही म्हणालीस तर माझी डिग्री अडेल. खरं म्हणजे अडली नसती. धानोऱ्यात कॉलेजच्या शिपायाच्या घरी चिकार कोंबड्या होत्या, त्या चालल्या असत्या. पण मला फुईच्याच हव्या होत्या, कारण तिथे मला सगळं आयतं मिळणार होतं. तिने खुराड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोज. पन मनमा मोज."

एवढ्यावर ती थांबली नाही. नुसत्या एका घराच्या कोंबड्यांनी माझं भागणार नव्हतं, म्हणून ती स्वतः गुडघे चोळत माझ्याबरोबर गल्लीभर फिरली. "मन्ही पोर शे. मोजू द्या तिले." बावीस घरं. तिच्या शब्दाखातर एकोणीस घरांनी मोजू दिलं. तीन घरांनी दारातूनच हात जोडले. त्यांच्यातली एक म्हातारी फुईची लहानपणापासूनची मैत्रीण. ती फुईला म्हणाली, पोरीपायी तू देवाचं मोडतेस. फुई तिला काहीच बोलली नाही, आणि फुई काहीच न बोलणं ही साधी गोष्ट नव्हे.

मग वर्षभर मी महिन्यातून दोन रविवार जात होते. कोंबड्यांच्या पायात लोकरीचा दोरा बांधायचा. पिल्लाला हिरवा, तलंगेला पिवळा, कोंबडीला लाल. टप्पा बदलला की दोरा बदलायचा. कोंबडी धरून द्यायला फुई, बांधायला मी. एक लाल शेपटीची होती, तिने माझ्या मनगटावर अशी चोच मारली की टाका घालावा लागला. फुई हसून हसून ओसरीवर लोळायची बाकी होती. पिल्लं घार न्यायची, मुंगूस न्यायचं, पावसाळ्यात मानमोडीच्या रोगाने पाच-सहा घरांची खुराडी बसली. मी सगळं लिहून घेत होते. वर्ष संपत आल्यावर हिशेब मांडला तर उत्तर आलं की कळप वाढायचा असेल तर पिल्लांमागे धावण्यात फार अर्थ नाही, अंड्यावरची मोठी कोंबडी जगली पाहिजे. सगळ्यात जास्त फरक तिच्या जगण्याने पडतो. मी अगदी ऐटीत हे फुईला सांगितलं. ती म्हणाली, एवढ्यासाठी वर्ष घालवलंस? मला विचारायचंस. चांगली खुडूक बसणारी, म्हणजे अंडी उबवणारी, कोंबडी ती पाहुण्यालाही कापू देत नव्हती, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण माझ्या हातात आता आकडा होता ना. तिच्या कळपाचा तो शेवटचा आकडा एकाच्या जरासा वर आला होता. एका संध्याकाळी तो मी तिला सांगितला. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, मोठ्याने नको.

दिवाळीच्या सुट्टीत मी शेवटचं मोजलं तेव्हा तिच्याकडे मोठ्या कोंबड्या दहा होत्या. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं, आणि दोन-अडीच महिने मला गावी जाता आलं नाही. ती जागा मी चौकटीने भरून काढली. दिवाळीच्या संख्येला गुणत गुणत जानेवारीपर्यंत आणलं. फुईच्या ओळीत मोठ्या कोंबड्या आल्या अकरा पॉईंट सहा. तक्त्यात अपूर्णांक बरे दिसत नाहीत म्हणून पुढच्या रकान्यात पूर्णांक करून लिहिलं: बारा.

त्याच जानेवारीच्या शेवटी पलीकडच्या एका पोल्ट्रीच्या शेडमधल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या. तपासणी झाली आणि रोग तोच निघाला ज्याच्या नावाने इथली माणसं आजही खाली बघतात, बर्ड फ्लू. शेडभोवतीच्या ठरलेल्या अंतरातले सगळे पक्षी मारायचे, असा नियम आहे. आमची गल्ली त्या अंतरात होती. मला जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. तरुण, सज्जन माणूस, माझ्या कामामुळे ओळखीचा. म्हणाले, मॅडम, घरोघर किती पक्षी आहेत याची यादी करायला आमचे दोन दिवस जातील, आणि दोन दिवस आमच्याकडे नाहीत. तुमच्याकडे त्या गल्लीचा तक्ता आहे ना?

होता. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. वर्षभर कॉलेजातल्या लोकांनी माझी कोंबडीवाली मॅडम म्हणून टिंगल केली होती, आणि आज कुणाला तरी माझा तक्ता हवा होता. मी फाईल उघडली. दिवाळीचा मोजलेला रकाना होता आणि जानेवारीचा अंदाजाचा. मी विचार केला की अडीच महिने जुन्या मोजणीपेक्षा अंदाज खऱ्याच्या जवळ असेल. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मी अंदाजाचा रकाना पाठवला. पाठवताना बोट जरासुद्धा थांबलं नाही, हे मला आजही आठवतं.

डॉक्टर म्हणाले, गल्लीतल्या बायका तुमचं ऐकतील, याल का? मी गेले. मलाही पांढरा प्लास्टिकचा झगा चढवला, टोपी, मास्क, चष्मा, गमबूट. सकाळचे दहा वाजले असतील. गल्लीच्या तोंडाला दोर बांधला होता, बाहेर जेसीबी खड्डा काढत होतं. आम्ही आठ जण सारखेच दिसत होतो. फुई दारात उभी होती आणि मी तिच्यापासून चार हातांवर, तरी तिने मला ओळखलं नाही. ती डॉक्टरांना म्हणत होती की मन्ही पोर नंदुरबारले शे, तिले इचारा, ती सांगी तुमले, मन्ह्या कोंबड्यांले काहीच व्हयेल नही. तेव्हा मी मास्कच्या आतून "फुई" म्हटलं. तिने आवाजाच्या दिशेने पाहिलं, मग चष्म्याच्या काचेतून आत पाहायचा प्रयत्न केला. आणि बाजूला झाली. दार मोकळं करून दिलं.

त्यांनी काम भराभर केलं, त्यांना मी दोष देणार नाही. मान मुरगळायची, पिशवीत टाकायची, पिशवी बांधायची. एक जण तक्ता घेऊन उभा होता. खुराड्यातल्या झाल्या, पेरूच्या झाडावरची झाली, पिल्लं डालग्याखाली होती ती झाली. लाल दोरे, पिवळे दोरे, हिरवे दोरे. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शेजारच्या घरातून एक बाई रडत होती.

मग डॉक्टर माझ्याकडे आले. "मॅडम, पिल्लं-तलंगांचं मागेपुढे चालतं, घार वगैरे नेते. पण मोठ्या तुमच्या तक्त्यात बारा आहेत. दहाच मिळाल्या."

फुई म्हणाली, "इतल्याच शेतस."

मला कळलं की ती खोटं बोलते आहे. आयुष्यात तिला खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून लगेच कळलं. आणि कुठे लपवलं असेल तेही कळलं. आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागे अंधारा कोपरा आहे, तिथे टोपलीत भुसा घालून ती खुडूक कोंबडी बसवते. माझं लहानपण त्या कोपऱ्यात गेलं आहे. अंड्यावर कोळशाची रेघ मारायची, म्हणजे मागून दुसरी कुणी तिथे अंडं घालून गेली तर ओळखू येतं. ते काम माझ्याकडे असायचं. फुईने माझ्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, डोळ्यांनी विनवलं नाही. नुसतं पाहिलं, एखादी कोंबडी आत जाताना बघावी तसं.

मी म्हटलं, "एक आत असेल. कणगीमागे."

का सांगितलं? मी या प्रश्नाची सगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. रोग होता, ती त्याच खोलीत झोपत होती, तिच्या जिवाला धोका होता. हे खरं आहे, आणि मी लोकांना हेच सांगते. पण त्या क्षणी माझ्या मनात ते नव्हतं. त्या क्षणी मी एवढाच विचार करत होते की दोन कमी आहेत, एक कणगीमागे आहे, मग दुसरी कुठे. मी गणित सोडवत होते. माझी फुई समोर उभी होती आणि मी गणित सोडवत होते.

त्यांनी ती बाहेर आणली. पायात पिवळाच दोरा होता. दिवाळीत तलंग होती, मधल्या काळात अंड्यावर आली, पहिल्यांदाच खुडूक बसली होती. पंख फुगवून चोची मारत होती, ती पण झाली. मग टोपली आणली. नऊ अंडी, आणि दोन अंड्यांना चीर गेलेली. आतून टकटक ऐकू येत होती. अंडीही नष्ट करायची असतात. डॉक्टर क्षणभर घुटमळले, मग त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

तेव्हा फुई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. अगदी साध्या आवाजात, खरंच माहिती हवी असल्यासारखं. "ह्या आंडा कोणता खानामा लिखशी?"

माझ्या चौकटीत अंड्यांचा रकाना नव्हता. फुटून पिल्लू बाहेर आलं की मगच मी त्याला मोजत होते.

अजून एक कमी होती. त्यांनी सरपणाचा ढीग उपसला, न्हाणीत पाहिलं, माळ्यावर चढले, गोधड्यांची थप्पी उलटी केली. फुईचा संसार असा बाहेर येऊन अंगणात पडला. फुई सांगत होती की आता नाही, देवाशप्पथ नाही, आणि एकदा खोटं सापडलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवतो? अर्धा तास गेला. पत्र्याची पेटी उघडली तेव्हा वरच माझं शाळेचं दप्तर निघालं, आणि मला कुठून तरी आठवलं. अकरा पॉईंट सहा.

"डॉक्टर, थांबवा," मी म्हटलं. "बारावी नाहीये. ती मी पूर्णांक करताना आली."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पेनने बाराचे अकरा केले आणि बाजूला सही केली. इतकं सोपं होतं ते.

मग नंतर घरी बसून मी उलटं मांडून पाहिलं. मी दिवाळीचा रकाना पाठवला असता तर तक्त्यात दहा असत्या. दहा मिळाल्याच होत्या. डॉक्टरांनी बरोबरची खूण केली असती आणि पुढच्या घरी गेले असते. कणगीमागची कोंबडी बसून राहिली असती, आणि एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर आली असती. माझं मॉडेल चांगलं निघालं, हाच घात झाला. खऱ्या अकरा, माझ्या अकरा पॉईंट सहा. चुकलं असतं तर बरं झालं असतं. आणि ज्या तीन घरांनी मला मोजू दिलं नव्हतं, त्यांच्या ओळीच तक्त्यात नव्हत्या. त्या घरांत माणसं गेली, समोर दिसल्या तेवढ्या घेऊन परत आली. दीड महिन्यानंतर त्या म्हातारीच्या घरातून कोंबडा आरवला. अख्ख्या गल्लीने ऐकलं, कुणी तोंड उघडलं नाही, मीही नाही. त्या कोंबड्याला काही झालेलं नव्हतं. आमच्यांना झालेलं होतं की नाही ते कुणालाच कळलं नाही. तपासायच्या नव्हत्या, मारायच्या होत्या.

त्या दिवशी दुपारी सगळे गेल्यावर मी झगा उतरवून अंघोळ करून आले. फुईने सामान आत लावलं होतं आणि भाकरी टाकली होती. ताट माझ्यासमोर सरकवून म्हणाली, "खाई ले." मी रडत होते. म्हटलं, फुई, मला शिव्या दे. ज्या बाईने सांडलेल्या दुधावरून मला तीन पिढ्यांसकट झोडपलं होतं, ती म्हणाली, "जाऊ दे वं. रोग व्हता." आणि माझ्या ताटात चटणी वाढली. संध्याकाळी सवयीने ती उठून खुराड्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ बसली होती. मग फळी लावून आली.

तेव्हापासून माझ्यावर तिने आवाज चढवलेला नाही. उशिरा गेले तरी नाही, न सांगता गेले तरी नाही. फोनवर "बरी शे ना? जेवनी का?" एवढंच. परक्या माणसाशी बोलावं तसं ती माझ्याशी गोड बोलते. मला हे सहन होत नाही, पण हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? तिची मैत्रीण तिच्याशी बोलते, गल्ली बोलते, माझ्याशीही सगळे नीट बोलतात. फक्त मी आले की अंगणातल्या गप्पा थोड्या हळू होतात.

प्रबंध मी दिला. टाकून द्यायची हिंमत झाली नाही, एवढी मी मोठी नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, तुमचा अंदाज प्रत्यक्षाशी कुठे ताडून पाहिलात का? मी म्हटलं, हो, एका घरी. अंदाज अकरा पॉईंट सहा, प्रत्यक्षात अकरा. "उत्तम," ते म्हणाले. सरांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. नंतर त्या घरी काय झालं, असं कुणी विचारलं नाही.

डिग्री मिळाली त्या रविवारी मी पेढे घेऊन गावी गेले. स्कूटी दारात लावली तर फुई घाईघाईने आतून बाहेर आली आणि मागे आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. दिवसा ते दार कधी लावलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. खरंच आनंद झाला होता तिला. म्हणाली, "तुले बी डाक्टर म्हनतीन आते?" मी म्हटलं, म्हणतील, पण इंजेक्शन देता येत नाही. ती हसली. मला वाटलं, आज विचारावं, फुई, नंदुरबारला येतेस का.

तेवढ्यात आतून आवाज आला. कोंबडी अंडं घालून उठली की ओरडते तो. गल्लीभर ऐकू जातो, त्यात चुकायला जागा नाही.

फुईचा चेहरा उतरला. ती एकदम मोठ्याने बोलायला लागली. पाणी किती दिवसांनी येतंय, कुणाच्या सुनेला काय झालं, काहीही. मीही मोठ्याने बोलायला लागले. मी कॉलेजचं सांगत होते, ती पाण्याचं सांगत होती, दोघी एकमेकींकडे न बघता ओरडून बोलत होतो, आणि आत ती ओरडतच होती. शेवटी फुई म्हणाली, "पेढा देवले ठेवी येस," आणि पेढा घेऊन आत गेली, दार लावून घेतलं. देव बाहेरच्या खोलीत आहेत, ओसरीतून दिसतात. मी मागोमाग दाराशी गेले होते, म्हणून मला ऐकू आलं. ती हळू आवाजात कोंबडीला समजावत होती, "गप ऱ्हाय वं, गप ऱ्हाय. ती बाहेर बठेल शे."

मी पेढ्यांचा बॉक्स ओसरीवर ठेवला, निघते गं म्हणून हाक दिली, आणि स्कूटी सुरू करून तिला मुद्दाम जास्त रेस दिली, मी गेले हे आत ऐकू जावं म्हणून.